खुन्याच्या नावाखालचं टिंब

ग्रंथपाल बाईने पुस्तक उघडून खिडकीशी नेलं, पान उजेडात तिरकं धरलं आणि भिंग डोळ्याला लावलं. तेविसाव्या पानावर, वरून सहाव्या ओळीत, प्रेमळ घड्याळजीच्या नावाखाली पेन्सिलीचं टिंब होतं. मोहरीच्या निम्म्याएवढं. छापताना शाई उडाली असेल असं कुणालाही वाटावं. पण तिने ते पुस्तक चार वेळा वाचलं होतं आणि प्रेमळ घड्याळजीनेच आपल्या भागीदाराला विहिरीत ढकललं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“परत खुनीच,” ती पुटपुटली आणि कागदावर आणखी एक रेघ ओढली.

सतरा पुस्तकं तपासून झाली होती. सतराच्या सतरा पुस्तकांत टिंब, आणि प्रत्येक टिंबाच्या डोक्यावर खुनी. खरं तर तिला संताप यायला हवा होता. पण तिला आनंदच झाला होता. आयुष्यभर ती दुसऱ्यांनी लावलेले छडे वाचत आली होती. आता तिच्या वाचनालयात, तिच्या लाडक्या कपाटात कुणीतरी गुन्हा केला होता आणि त्याचा छडा लावायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

हे कपाट म्हणजे तिचा जीव की प्राण. त्यातल्या गोष्टींना ती पांघरुणातली रहस्यं म्हणायची. खून व्हायचा, पण दाराआड. रक्त दिसायचं नाही, मांजराच्या केसालाही धक्का लागायचा नाही. छडा लावणारा पोलीस कधीच नसायचा. कधी बेकरीवाली, कधी व्हायोलिन शिकवणारे मास्तर, कधी पोस्टात शिक्के मारणारी विधवा. खालच्या दोन फळ्यांवर जुन्या काळातली मंडळी राहत: राजवाड्यातली दाई, जहाजावरचा आचारी, बंदराच्या गल्ल्यांतून दिवे लावत फिरणारा म्हातारा. कुणी दारात येऊन “काहीतरी बरं द्या हो वाचायला” एवढं म्हणायचा अवकाश, ही टेबलामागून उठून बाहेरच यायची. “हे घ्या! शेवटपर्यंत कळणार नाही. मला कळलं नव्हतं!” असं म्हणताना तिचा चेहरा असा फुलायचा, की माणूस दुसरं काही मागायलाच विसरायचा.

पण गेले काही महिने कपाटातली पुस्तकं जागची हलत नव्हती. टिंबाचा शोध लावला दंतवैद्याने. समोरच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या प्रत्येक रोग्याला त्याने तो सांगितला, आणि बिचाऱ्यांना नको म्हणायचीही सोय नव्हती. “पहिली तीस पानं चाळा. टिंब शोधा. खुनी सापडला!” मग पुढची अडीचशे पानं कोण कशाला वाचेल? तक्रारवहीत पाच तक्रारी झाल्या. अध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं.

“येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी बैठक आहे,” ते म्हणाले. “तोवर माणूस सापडला तर ठीक. नाहीतर ते कपाट रिकामं करू. त्या जागी कॉम्प्युटरचं टेबल छान बसेल, मी मापही घेतलंय.”

म्हणजे बारा दिवस. तिने रजिस्टरं काढली आणि नावं लावायला बसली. आख्खं कपाट वाचून संपवलेले सभासद निघाले तीनच. पहिला दंतवैद्य. दुसरे निवृत्त मुद्रितशोधक, ज्यांनी छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या आणि जे अजूनही पेन्सिल कानावर ठेवूनच फिरत. तिसऱ्या टेलिफोनवाल्या मावशी.

मावशींचं नाव तिने लिहिलं आणि लगेच खोडलं. मावशींवर संशय घ्यायचा म्हणजे काय! टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं तारा जोडणाऱ्या या बाईनेच तर तिला या नादाला लावलं होतं. ती बारा वर्षांची होती, बालविभागाच्या कार्डावर हे कपाट मिळायचं नाही, आणि शेजारच्या मावशी स्वतःच्या दोनशे चौदा नंबरवर पुस्तकं काढून तिच्या हातात द्यायच्या. तिला वाळवी हे नावही त्यांचंच. “पुस्तक दिलं की हिने पोखरलंच!” वाचनाची रीतही त्यांनीच शिकवली होती. खुनी पहिल्या तीस पानांत दिसलाच पाहिजे, नाहीतर लेखक लबाड. आणि शेवट कळला की पुस्तक मिटायचं नाही. मागे जायचं, तो पहिल्यांदा कुठे दिसला ते पान काढायचं आणि आपण कुठे फसलो ते बघून मनसोक्त हसायचं.

त्याच आठवड्यात नव्या पुस्तकांचं पार्सल आलं. त्यात कपाटासाठी तीन पुस्तकं होती. तिने दार लोटून घेतलं, तिन्ही पुस्तकं पानन् पान तपासली. कोरी करकरीत. सापळा तयार झाला होता.

दंतवैद्य मंगळवारी आला.

“डॉक्टर, तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवलंय,” ती म्हणाली. “‘बागेतली तिसरी कुदळ’. म्हातारा माळी आहे. मालक मेलेले सापडतात, पोलीस म्हणतात पाय घसरला. पण माळी बघतो तर खोपटात कुदळी तीन! त्याच्याकडे आयुष्यभर दोनच होत्या. मग तिसरी कुणाची?”

“पुतण्याची,” दंतवैद्य म्हणाला.

“अहो, अजून पुस्तक हातात तरी घ्या!”

“मला तिसाव्या पानावर सगळं कळतं. आज जरा लवकर कळलं.”

उंटावरचा शहाणा, ती मनात म्हणाली. पण पुस्तक तो घेऊन गेला.

मुद्रितशोधकांसाठी तिने ऐतिहासिक काढलं होतं. त्यांनी ते नाकाजवळ धरून वास घेतला आणि चेहरा आंबट केला.

“जुन्या काळातलं नको. फार चुका असतात. बटणांचा शोध लागायच्या आधीच लोकांच्या अंगरख्यांना बटणं लावून मोकळे होतात.”

“यात बटणं नाहीत. यात डाग आहेत!” ती टेबलाला वळसा घालून पुढे आली. “‘राजवैद्याची धोबीण’. वैद्यबुवा गेले, सगळे म्हणतात वय झालं होतं. पण त्यांचा शेवटचा अंगरखा हिच्याकडे आलाय धुवायला, आणि बाहीवरचा एक डाग काही केल्या निघत नाही. हिने उभा जन्म डाग काढलेत. रक्ताचा, तेलाचा, शाईचा, सगळे तिला ओळखू येतात. हा ओळखू येत नाही! आणि तिला वाचता येत नाही, दरबारात तोंड उघडायची मुभा नाही. मग ती सांगणार कसं?”

“कसं सांगते?” मुद्रितशोधकांनी विचारलं, आणि आपण विचारलं याचं त्यांनाच नवल वाटलं.

“न्या आणि बघा.”

तिसरं पुस्तक टेबलावर राहिलं होतं. ते सापळ्यातलं नव्हतंच. संध्याकाळी मावशी आल्या, पिशवी खुर्चीला अडकवली आणि दम खाऊन म्हणाल्या, “काय गं वाळवी, नवीन आलंय म्हणे. माझ्या वाट्याला काही ठेवलंयस की दातवाल्याने सगळं नेलं?”

“हे तुमच्याचसाठी. ‘उरलेलं पीठ’. बेकरीवाली आहे. रोज मोजून पीठ घेते, मोजून पाव करते. आणि एका सकाळी...”

“पीठ उरतं!” मावशींनी टाळी वाजवली. “म्हणजे कुणीतरी पावात दुसरं काहीतरी घातलं! आण इकडे. पुढे एक अक्षर बोलशील तर बघ.”

नंतरचे आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. दार वाजलं की ती कान टवकारायची. पहिला आला दंतवैद्य. पुतण्या नव्हता म्हणून तो लेखकावर रागावला होता. तो जाताच तिने भिंग काढलं. तीस पानं, चाळीस, पन्नास. चहाचा एक डाग सोडला तर पुस्तक स्वच्छ होतं.

म्हणजे मुद्रितशोधकच! ते आले तेव्हा तिने भिंग आधीच हाताशी काढून ठेवलं होतं. त्यांनी पुस्तक ठेवलं आणि त्यावर घडी केलेले दोन कागद ठेवले.

“एक्केचाळीस चुका आहेत. पान, ओळ, सगळं लिहिलंय. प्रकाशकाला पाठवा,” ते म्हणाले. मग घसा खाकरून, “धोबीण मात्र फक्कड आहे. तिची आणखी आहेत का?”

“तुम्ही चुका पुस्तकातच का नाही सुधारल्या?”

“पुस्तकावर पेन्सिल?” ते दोन पावलं मागे सरले. “बाई, मी मुद्रितशोधक आहे, राक्षस नाही!”

ते पुस्तकही स्वच्छ निघालं. ती डोक्याला हात लावून बसली. दोन्ही संशयित सुटले होते आणि बैठक परवावर आली होती. तेवढ्यात मावशींनी सकाळी परत करून ठेवलेलं ‘उरलेलं पीठ’ तिला समोर दिसलं. उगाच, हाताला चाळा म्हणून तिने ते उघडलं. एकोणिसाव्या पानावर बेकरीवालीचा दीर पहिल्यांदा दारातून आत येतो, हसतमुख, हातात फुलं घेऊन. त्याच्या नावाखाली टिंब होतं.

तिने पुस्तक मिटलं. भिंग पुसून खणात ठेवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. शेवटापासून मागे जाऊन खुन्याचं पहिलं पान काढणारी माणसं जगात किती असणार? एक तिला ती रीत शिकवणारी, आणि एक ती स्वतः. पण मावशी असं का करतील? दुसऱ्याची गंमत घालवणाऱ्या माणसाला त्यांनी उंबऱ्यात उभं केलं नसतं.

त्याच दुपारी मावशी पुन्हा आल्या. ती मुद्दाम रजिस्टरात डोकं घालून बसली. मावशी कपाटाशी गेल्या, एक पुस्तक काढलं, खिडकीपाशी नेलं. पानं भराभर उलटत गेल्या, बोट ओळींखालून फिरत होतं. मध्येच बोट थांबलं. मावशींनी ते पुस्तक जागेवर ठेवलं आणि दुसरं काढलं. पुन्हा तेच. तिसरं, चौथं. पाचव्या पुस्तकात बोट कुठेच थांबलं नाही. मावशींच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. हसऱ्या चेहऱ्याने त्या टेबलाशी आल्या.

“हे दे गं. हे नवीन आहे.”

ते पुस्तक त्यांनी गेल्या वर्षी दोनदा नेलं होतं. टिंब द्यायचं तेवढं राहून गेलं असणार. तिने शिक्का मारला.

मावशी गेल्या आणि तिला गेल्या वर्षीचा एक दिवस आठवला. तेव्हा मावशी दर खेपेला विचारायच्या, “हे मी वाचलंय का गं?” आणि ती सांगायची. त्या दिवशी मात्र दंतवैद्य उभा होता, आणखी दोघंतिघं होते, आणि ती मोठ्याने हसून म्हणाली होती, “मावशी, अहो, हे तर तुम्ही गेल्याच महिन्यात नेलंत! तेसुद्धा दोनदा!” सगळे हसले होते. मावशीही हसल्या होत्या. पण त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तिने तक्रारवही काढून तारखा पाहिल्या. पहिली तक्रार त्या दिवसानंतर दोन महिन्यांनी आलेली होती. टिंब म्हणजे मावशींनी स्वतःसाठी केलेली खूण होती: हे वाचलंय. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की वही मिटायचंही सुचेना.

शुक्रवारी तिने दारावर ‘पुस्तकमोजणी’ अशी पाटी लावली, मऊ खोडरबर घेतलं आणि कपाटासमोर मांडी घालून बसली. त्रेसष्ट पुस्तकं होती. प्रत्येक टिंब ती आधी नीट पाहायची आणि मग पुसायची. पहिली पहिली टिंबं बारीक, ओळीच्या बरोबर खाली होती. अलीकडची जरा जाड, थोडी घसरलेली. एका पुस्तकात दोन टिंबं होती, दोन वेगळ्या नावांखाली, आणि त्यातलं एक नाव निर्दोष माणसाचं होतं. तिथे ती बराच वेळ थांबली.

शनिवारी बैठकीत अध्यक्ष मापाची टेप खिशात घालूनच आले होते. तक्रारदार म्हणून दंतवैद्य आणि वाचकांचे प्रतिनिधी म्हणून मुद्रितशोधक. दोघं एकमेकांकडे चोरासारखे बघत बसले होते.

“सापडला का माणूस?” अध्यक्षांनी विचारलं.

“सापडला.”

“कोण?”

“मी,” ती म्हणाली.

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली.

“लहानपणापासूनची सवय आहे मला,” ती म्हणाली. “वाचून झालं की मागे जाऊन खुनी पहिल्यांदा कुठे दिसला ते बघायचं. बघता बघता पेन्सिल टेकत गेली, माझ्या लक्षातच आलं नाही. काल सगळी टिंबं पुसली. पुन्हा होणार नाही.”

“म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं की!” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “याची नोंद होईल बरं का. लेखी समज द्यावी लागेल.”

“द्या.”

“मला वाटलंच होतं,” दंतवैद्य म्हणाला. “मला कधीपासून यांचाच संशय होता.”

मुद्रितशोधक चष्म्यावरून तिच्याकडे बघत होते. “तुमच्या टेबलावर मी कधी पेन्सिल पाहिली नाही,” ते हळूच म्हणाले. मग कानावरची पेन्सिल काढून तिच्याशी चाळा करत राहिले. “पण माझी नजर हल्ली अधू झालीय. ते कपाट राहू द्या, अध्यक्ष. धोबिणीचा दुसरा भाग यायचाय.”

कपाट राहिलं. तिचा जीव भांड्यात पडला. पण काम संपलेलं नव्हतं. पुढचा आठवडाभर ती जुनी रजिस्टरं घेऊन बसली. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तिने कागदाचा खिसा चिकटवला, खिशात कार्ड ठेवलं आणि कार्डावर ते पुस्तक आजवर ज्यांनी ज्यांनी नेलं त्यांचे नंबर तारखांसकट उतरवले. दारावर सूचना लावली: आपण हे पुस्तक वाचलं आहे का, हे आता प्रत्येकाला आपलं आपल्याला पाहता येईल. कुणाला विचारायला नको.

मावशी आल्या तेव्हा वाचनालयात आणखी कुणी नव्हतं. त्यांनी सूचना सावकाश वाचली. मग खुर्चीवर बसल्या.

“टिंबं तू केलीस म्हणे. दातवाला सांगत होता. माझी दाढ त्याच्या हातात होती, म्हणून गप्प बसले.”

“हो, मीच.”

“कुठे करायचीस?”

“खुनी पहिल्यांदा दिसतो तिथे.”

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षं लोकांच्या आवाजातलं खरंखोटं ऐकलेली बाई ती. मग त्यांनी पिशवीत हात घातला, तळाशी चाचपलं आणि बोटाएवढी उरलेली एक पेन्सिल टेबलावर ठेवली.

“मग ही तुझी असणार,” त्या म्हणाल्या. “माझ्या पिशवीत कशी आली कोण जाणे.”

तिने पेन्सिल उचलली आणि खणात टाकली. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून ती खण उगाच दोनदा लावत बसली. तोवर मावशी कपाटाशी पोचल्या होत्या. त्यांनी एक पुस्तक काढलं आणि या वेळी खिडकीकडे न जाता सरळ शेवटचं पान उघडलं, कार्ड ओढून काढलं. आणि ओरडल्याच.

“वाळवी! अगं, इकडे ये! हे बघ!”

‘दिवेवाल्याची बारावी फेरी’. मळकं, कोपरे गेलेलं, दोनदा बांधलेलं. कार्डावर दोनशे चौदा हा नंबर नऊ वेळा होता.

“नऊ वेळा नेलंय मी हे! नऊ!” मावशींचा आवाज चढला होता, गालांवर रंग आला होता. “आता तूच विचार कर. मी काही वाईट पुस्तक नऊ वेळा नेणारी बाई नाही. म्हणजे हे कपाटातलं सगळ्यात भारी पुस्तक असणार! पुरावा आहे, नाकारता येणार नाही!”

त्या नवांतल्या पाच तारखा ती बारा-तेरा वर्षांची होती तेव्हाच्या होत्या. बंदरातला म्हातारा, रात्री अकरा दिवे लावतो आणि सकाळी विझवायला जातो तर बारा जळत असतात. तिला त्यातली वाक्यंच्या वाक्यं पाठ होती.

“काय आहे त्यात?” तिने विचारलं.

मावशींनी पहिलं पान उघडून दोन ओळी वाचल्या. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर चढल्या.

“दिवे लावणारा आहे कुणीतरी. अगं, आणि एक दिवा जास्त निघालाय!” त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. “मी आधी नेते. मग लगेच तुला देते. तू हे वाचलंच पाहिजेस!”

“चालेल,” ती म्हणाली. “पण मावशी, शेवट तेवढा सांगू नका हं.”

“शेवट?” मावशी दाराशी थांबल्या आणि खळखळून हसल्या. “सांगायला तो आठवायला नको का!”